पहिली वाटी फाटकाला

"या, या. दोघं आलात," अप्पा व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाले. "मागचा जरा बुजरा दिसतोय."

मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. पुढे मुलाचे मामा, छाती काढून चालणारे. मागे, फाटकापाशीच घोटाळलेला एक उंच, किडकिडीत मुलगा. झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं दोन्ही हातांनी धरून तो आमचं लोखंडी फाटक लावत होता. तरी ते ओरडलंच. आमचं फाटक कुणाचं ऐकणारं नव्हतं. आधी जाडसर घर्रर्र, मग बारीक कीऽऽ आणि शेवटी ठक्. मुलानं डोळे गच्च मिटले, खांदे कानांना लावले आणि दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून तो पायऱ्या चढला.

ही एक्याण्णव सालची गोष्ट, कराडची. मी शालन पोरे, तेव्हा पंचवीस वर्षांची. पेठेतल्या बायका मला घोडनवरी म्हणायच्या, पण माझ्या पाठीमागे, कारण तोंडावर म्हटलं तर काय ऐकावं लागेल ते त्यांना ठाऊक होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात मी आणि अप्पा. चार स्थळं मी स्वतः मोडली होती, कुणाचं गाव लांब, कुणाचं नाक लांब अशी कारणं सांगून. खरं कारण एकच होतं. मी गेल्यावर अप्पांचं कोण बघणार?

अप्पांना ते पुरतं कळत होतं. पाचव्या स्थळाच्या आदल्या दिवशी त्यांनी बजावलं, "शालन, मला दिसतंय, चालता येतंय, आमटीभात करता येतो. माझ्यापायी थांबलीस तर मी अन्न सोडीन."

आणि सोडलंही असतं. आमच्या घरात सोनं गुंजभर नव्हतं, ताठा मात्र पोत्यानं होता.

अप्पा टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले होते. निम्म्या कराडला ते आवाजावरून ओळखायचे. आता डोळ्यांत काचबिंदू होता, मी दोन वेळा थेंब घालायचे. विचारलं की म्हणायचे, "धूसर दिसतं, पण दिसतं." संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसायचे आणि येणाऱ्याला त्यानं तोंड उघडायच्या आत नावानं हाक मारायचे. त्या एका गोष्टीचा त्यांना केवढा रुबाब होता!

तर मी चहा-चिवडा घेऊन बाहेर आले. मामांनी भाच्याची सगळी कुंडली सांगितली. सुधाकर माळवदे, पोस्टात कारकून, निर्व्यसनी, घरचे कासेगावला, हा इथं खोली घेऊन एकटा. (आता मी त्यांचं नाव असं तोंडभर घेत नाही, पण तेव्हा ते माझे कुणी नव्हते, म्हणून गोष्टीपुरतं सुधाकरच म्हणते.) सुधाकरनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. त्याचं लक्ष फाटकावर. वारा आला, फाटक जरा हललं, कीऽऽ झालं, आणि त्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

"काय विचारायचं ते विचार की रे सुधा," मामा म्हणाले.

सुधाकरनं घसा साफ केला. "फाटकाला तेल कधी घातलं होतं?"

मामांनी खाली मान घालून कपाळ चोळलं.

"फाटकाला?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे वरची बिजागरी तशी बरी आहे. खालची फार..."

"शालन," अप्पा ओठ दाबून म्हणाले, "ह्यांना जरा मागचं अंगण दाखव."

मागच्या अंगणात बघण्यासारखं एक पेरूचं झाड होतं. मी त्याच्याखाली उभी राहिले आणि सरळ विचारलं, "मी पसंत नाही असं दिसतंय."

"नाही हो, तसं नाही," तो घाईनं म्हणाला. "तुमच्याकडे बघायला सवडच मिळाली नाही. ते फाटक..."

आणि मग त्यानं कबुलीजबाब दिला. करकर, कुरकुर, किरकिर त्याला सहन होत नव्हती. लहानपणापासून. एखादं दार वाजलं की त्याच्या दाढा शिवशिवायच्या आणि त्याला तेल घातल्याशिवाय झोप लागायची नाही. खिशात कायम शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. पोस्टातल्या सगळ्या खिडक्या त्यानं गप्प केल्या होत्या. न्हाव्याची खुर्ची, थिएटरातली शेवटची रांग, डॉक्टरांचं दार, तेही दंडात सुई असताना. एकदा मित्राकडे बारशाला गेला आणि पाळण्याच्या कड्यांना तेल घालून आला. बाळाला त्या करकरीशिवाय झोपच येईना. मित्राची बायको अजून त्याच्याशी बोलत नव्हती.

"हे मी लग्नाआधीच सांगतो," तो म्हणाला. "नंतर फसवलं असं नको."

त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशाखाली तेलाचा रुपयाएवढा डाग होता. शर्ट कोरा होता, बघण्याच्या कार्यक्रमासाठी घेतलेला.

"तुमच्याकडे डोळ्यांच्या थेंबांच्या रिकाम्या बाटल्या असतात का?" त्यानं विचारलं. "कोनाड्यात एक दिसली. तिचं तोंड बारीक असतं. तेल एकेक थेंब पडतं, वाया जात नाही."

आजवर मला बघायला आलेल्यांनी स्वयंपाक विचारला, वजन विचारलं, एकानं तर चालून दाखवा म्हटलं. रिकामी बाटली मागणारा हा पहिलाच. मी हसायला लागले. किती दिवसांनी हसले कोण जाणे, थांबताच येईना. तोही हसला, आणि तेव्हा कुठे त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मी त्याला तीन बाटल्या दिल्या.

"जाता जाता फाटकाला दोन थेंब घालू?" त्यानं विचारलं.

"घाला," मी म्हणाले.

तो एक शब्द मी नंतर मनातल्या मनात कितीदा मागे घेतला, त्याला गणती नाही. तेव्हा मात्र मी दारात उभी राहून कौतुकानं बघत होते. मामा पुढे निघून गेले होते, अप्पा हात धुवायला आत गेले होते. सुधाकरनं दोन्ही बिजागऱ्यांना तेल दिलं, फाटक जरासं उचलून खाली एक वायसर सरकवला आणि मग एका बोटानं फाटक ओढलं. चाळीस वर्षं ओरडणारं फाटक मांजराच्या पावलानं मिटलं. त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली, जसा काही हार घातला मला. "मंगळवारी येतो," म्हणाला.

सोमवारी संध्याकाळी शिवणक्लास सुटल्यावर मी घरी आले. रोज फाटकातून पाऊल टाकलं की अप्पा म्हणायचे, "आलीस? आज कुणाची बाही उलटी लागली?" त्या दिवशी काही बोलले नाहीत. मी माझ्याच आनंदात. त्यांच्या शेजारी जाऊन म्हणाले, "अप्पा, चहा टाकू?"

ते खुर्चीतून उडालेच. हातातला पाण्याचा तांब्या खणखणत पायरीवरून खाली गेला.

"चोरासारखी काय येतेस!" ते ओरडले. पंचवीस वर्षांत अप्पांचा आवाज माझ्यावर चढला नव्हता. मी तांब्या उचलला, फडकं आणलं. बऱ्याच वेळानं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "फाटक उघडंच होतं का?"

"नाही. आता वाजत नाही ते. त्यांनी काल तेल घातलं ना."

"कुणाला विचारून?"

"मला."

अप्पा उठून आत गेले. जेवताना आमटीत मीठ नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं नाही.

मंगळवारी सुधाकर कधी आला ते मला कळलंच नाही. स्वयंपाकघरात होते, तेवढ्यात अप्पांची हाक आली. "शालन, चहा कर. आलं घालून. सावकाश कर, घाई नाही."

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा सुधाकर खालच्या पायरीवर बसला होता, शाळेत छडी खाल्लेल्या मुलासारखा. अप्पा ताठ बसले होते.

"तुझ्यासमोरच सांगतो," अप्पा म्हणाले. "माझ्या फाटकाचा आवाज मला परत पाहिजे. जसा होता तसाच. कुठलातरी चालणार नाही. तोवर लग्नाचं बोलणं बंद."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले. पण दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

"आणतो," सुधाकर म्हणाला, मंडईतून कोथिंबीर आणायला सांगावी तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो हजर. आधी वायसर काढला. मग रॉकेलनं तेल पुसलं. मग साबण, मग राख, मग वाळू. रोज सकाळी ऑफिसच्या आधी तासभर आणि संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत. आयुष्यभर जगाची करकर बंद करत हिंडलेला माणूस आमच्या फाटकाशी उकिडवा बसून त्यानं एकदा तरी कुरकुरावं म्हणून आर्जवं करत होता.

समोरच्या इंदूमावशींना घरबसल्या तमाशा मिळाला. लसूण सोलायला त्या ओट्यावरच बसू लागल्या.

"काय रं पोरा, आधी घातलंस, आता काढतोयस. पोस्टात बी असंच करतोस व्हय? आधी पत्र टाकायचं, मग परत मागायचं?"

"नाही मावशी, तिथं नियम आहेत," सुधाकर मान वर न करता म्हणाला.

"शालन, ह्यो खुळा हाय गं. नीट इचार कर."

चौथ्या दिवशी फाटकातून आवाज निघाला. अप्पांनी खुर्चीतून निकाल दिला, "हे मांजर आहे. फाटक नव्हे." सहाव्या दिवशी म्हणाले, "ह्याला सर्दी झालीय." आठव्या दिवशी सुधाकरनं वाळू भरून भरून एक भयंकर किंकाळी काढली, शेजारची दोन कुत्री भुंकायला लागली. अप्पा म्हणाले, "हे ट्रंककॉलवरचं भांडण झालं. पुन्हा."

माझं डोकं फिरलं. त्या दिवशी मी फाटकाशी जाऊन त्याला झापलं.

"उद्या अप्पा म्हणतील सूर्य पश्चिमेकडून काढा, काढणार का? सगळी पेठ हसतेय तुम्हाला. जमत नाही म्हणून स्पष्ट सांगून मोकळे व्हा ना त्यांना! तुम्हाला काही अभिमान आहे की नाही?"

त्यानं हातातला घासायचा कागद खाली ठेवला. बोटांची सालं गेली होती.

"आहे," तो म्हणाला. "तुमच्या अप्पांनाही आहे." आणि पुन्हा बिजागरी घासायला लागला.

हे कसलं उत्तर? मी पाय आपटत घरात आले. सुधाकरवरचा राग अप्पांवर निघाला, कारण तो पसंत होता म्हणूनच राग होता, आणि हे कबूल करायला मी तयार नव्हते.

"एका फाटकापायी माझं लग्न मोडताय तुम्ही," मी म्हणाले. "तोंडानं जा म्हणता, पण मी जायला नकोच आहे तुम्हाला!"

अप्पा एवढंच म्हणाले, "तसं समज."

मग अबोला. आमच्या घरातला अबोला म्हणजे काय ते आमच्यासारख्यांनाच कळेल. ताट वाढायचं, थेंब घालायचे, अंथरूण घालायचं, सगळं चोख, फक्त शब्द नाही. तीन दिवस गेले. कोण आधी बोलतो, हा प्रश्न होता, आणि मी मनाशी ठरवलं होतं की ती मी नसणार.

अकराव्या दिवशी, सुधाकर ऑफिसातून यायच्या आत, क्लासहून येताना मी फाटक मुद्दाम अगदी सावकाश उघडलं. तोवर त्याचा आवाज असा झाला होता की जोरानं ढकललं तरच यायचा. मी म्हटलं, माझ्याकडून ह्या फाटकाला एक शब्दही मिळणार नाही. तसंच लोटलं आणि अप्पांच्या समोर, पायरीखाली जाऊन उभी राहिले. पिशवी खांद्यावर, हात कमरेवर. बोला आता.

"आलीस?" अप्पा म्हणाले.

माझा राग निम्मा उतरला. पण म्हटलं, एका शब्दावर नाही भागायचं. अजून बोला. मी गप्प राहिले. अप्पांनी मान जराशी कलती केली, थोडं थांबले, आणि पुन्हा खुर्चीत टेकले.

रस्त्यावरून एक सायकल गेली.

"आलीस?" अप्पा म्हणाले. तोच सूर, तेवढंच हसू.

ते माझ्याकडे बघत नव्हते. फाटकाकडेही नाही, फाटकाच्या जरा डावीकडे, भिंतीकडे बघत होते. उन्हं माझ्या पाठीमागे होती. माझी सावली त्यांच्या पायांवर पडली होती, गुडघ्यांपर्यंत चढली होती.

"आलीस? आज उशीर झाला."

मी तिथं उभी होते, आणि अप्पा रिकाम्या अंगणाशी बोलत होते. किती वेळापासून असं चाललं होतं? रोज असंच? मी यायच्या वेळेला सुरू करायचं आणि दोन-दोन मिनिटांनी म्हणत राहायचं, म्हणजे एखादं तरी वेळेवर पडेल आणि मुलीला कळणार नाही!

मग एकेक आठवायला लागलं. पेपर मला वाचायला लावायचे, डोळे चुरचुरतात म्हणून. वर्षभर बाजारात गेले नव्हते, गुडघे धरलेत म्हणून. आणि येणाऱ्याला आधी नावानं हाक. फाटक कोण कसं उघडतं त्यावरून! मामा ढकलतात, सुधाकर जपून लावतो, 'मागचा बुजरा दिसतोय'. त्यांना काहीही दिसत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत रोज दोनदा थेंब घालणाऱ्या मला ते कळलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली की तिथंच खाली बसावंसं वाटलं. तोंडानं जा म्हणता, असं मी त्यांना म्हणाले होते. मी जावं म्हणूनच तर हा माणूस एकटा अंधारात बसून दिसण्याचं सोंग वठवत होता.

रडले असते तर त्यांनी ऐकलं असतं. पदराचा बोळा तोंडात धरून मी चवड्यांवर मागे गेले, फाटकाबाहेर. आणि मग अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं फाटक ढकललं. ते कसंनुसं किंचाळलं आणि खांबावर ठक् आपटलं.

"आले, अप्पा!" मी तिथूनच ओरडले.

अप्पांचा चेहरा असा मोकळा झाला, की तो मी जन्मात विसरणार नाही. "आलीस? ये, ये," ते म्हणाले. ते त्यांचं चौथं 'आलीस' होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकर यायच्या आधीच मी फाटकात उभी होते.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

त्यानं कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "त्या मंगळवारीच. आलो तर फाटक गप्प. मी त्यांच्यापुढे दोन मिनिटं उभा होतो. नमस्कार केला, त्यांना कळलाच नाही. मग मी बोललो, आणि ते दचकले."

"मला का नाही सांगितलं?"

"शपथ घातली त्यांनी. म्हणाले, तिला कळलं तर ती जायची नाही, आणि मला तिच्या पायातली बेडी व्हायचं नाही. पण शपथ नसती तरी नसतं सांगितलं. ते सांगणं त्यांचं होतं, माझं नव्हतं."

"अकरा दिवस पेठ तुम्हाला खुळा म्हणतेय. मीसुद्धा नको ते बोलले."

"मग त्यात नवीन काय?" तो म्हणाला. "खुळा तर मी आहेच."

मला तेव्हा त्याचा जो अभिमान वाटला, तो आजवर उतरलेला नाही. एका शब्दानं सुटू शकला असता. माझ्यासमोर, मावशींसमोर, सगळ्यांसमोर. त्यानं तो शब्द गिळला आणि वाळूनं बोटं सोलून घेतली, एका म्हाताऱ्याचा रुबाब राखायला.

"आता ऐका," मी म्हणाले. "अप्पांना कळता कामा नये, मला कळलंय म्हणून. आणि लग्न झालं तरी मी ह्या घरातून हलणार नाही."

"बरं झालं. माझ्या खोलीतली दारं आता काही बोलतच नाहीत. करमत नाही मला तिथं."

"हसू नका. फाटकाचं काय?"

त्यानं बिजागरीवर हात फिरवला. "गंज पाहिजे. जुना, आतपर्यंत मुरलेला. वाळूनं नुसतं ओरबाडतं. गंज काही घाईनं येत नाही."

गंज! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आई सांगायची, लिंबाच्या लोणच्याला लोखंड लागू देऊ नये. एकदा मी विसरून बरणीवर पत्र्याचं झाकण ठेवलं होतं, आठवड्यात ते लाल भुगा झालं होतं. मी आत धावले आणि लोणच्याच्या बरणीतला वाटीभर खार घेऊन आले. आम्ही दोघांनी चिंध्या खारात भिजवून वरच्या-खालच्या बिजागऱ्यांना बांधल्या. सकाळ-संध्याकाळ वरून चमचा-चमचा घालायचा. त्याच्या सोललेल्या बोटांना झोंबत होतं, पण तो खूश होता.

"अगं, लोणचं फाटकाला?" इंदूमावशींच्या हातातला लसूण खाली पडला.

"त्याच्या तोंडाला चव नाही, मावशी," मी म्हणाले.

"दोघं बी खुळी," मावशी म्हणाल्या. "मग जुळतंय. करा लगीन."

आठवडाभर खार मुरला. रविवारी सकाळी चिंध्या सोडल्या. बिजागऱ्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. सुधाकरनं मामांना बोलावून घेतलं होतं. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. मी आत स्वयंपाकघरात आहे असं सांगून मागच्या दारानं गल्लीत आले होते.

पहिलं माणूस गेलं. फाटक जाडसर घर्ररलं, मग बारीक, मग हळूच ठक्.

अप्पा खुर्चीत सरसावून बसले. "थांब. पुन्हा."

पुन्हा उघडलं.

"हा तू," अप्पा म्हणाले. तोवर ते सुधाकरला अहो-जाहो करत होते.

दुसऱ्यांदा फाटक जोरात गेलं. "या मामा. फाटक उपटून न्यायचंय का?" तिसऱ्यांदा अर्धंच उघडलं. "इंदू, पुरतं उघडलंस तर टोल पडतो काय गं?"

"अगं बया," मावशी म्हणाल्या, "अप्पांची नजर अजून किती तिखट!"

अप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

मग मी. लहानपणापासून मी फाटक हातानं उघडत नाही, गुडघ्यानं ढकलते आणि टाचेनं लावते. तसंच केलं. घर्रर्र, कीऽऽ, ठक्. आईच्या वेळचं होतं तसं. सुधाकर पायरीजवळ श्वास रोखून उभा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक करकर ऐकून त्यानं डोळे मिटले नाहीत.

"आलीस?" अप्पा म्हणाले.

एकदाच म्हणाले.

"आले, अप्पा."

मग अप्पा सुधाकरकडे, अगदी नेमके त्याच्याकडे तोंड करून म्हणाले, "पगारपाणी काही विचारत नाही. एवढंच सांग, ह्या घरातल्या बाकीच्या दारांचं काय करणार?"

"तुम्ही म्हणाल त्याला तेल, अप्पा," सुधाकर म्हणाला, "आणि म्हणाल त्याला खार."

अप्पा एवढे हसले की ठसका लागला. मग सुधाकरनं हळूच सांगितलं की त्याचा घरमालक खोली सोडायला सांगतोय, लग्नानंतर कुठं राहावं कळत नाही. घरमालक बिचारा असं काही म्हणाला नव्हता. अप्पांनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मागची खोली रिकामीच आहे. तुमची अडचण होणार असेल तर बघा. माझं काही नाही, मला एकटं राहता येतं."

"येतंच की," मी म्हणाले.

त्यानंतर अप्पा अकरा वर्षं जगले. शेवटपर्यंत आल्यागेल्याला नावानं हाक मारली. मला कळलंय हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतं की नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही. आमच्या घराण्याची रीतच ती.

ह्यांच्या खिशात आजही बाटली असते. निवृत्त झाले तरी कराडात एक दार वाजू देत नाहीत. लोक आमच्याकडे येतात आणि फाटक ऐकून हसतात. म्हणतात, माळवदे, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हे नुसते हसतात. फाटक का वाजतं ते त्यांनी आजवर एका माणसालाही सांगितलं नाही, आणि म्हणूनच मी आज लिहून ठेवतेय. दरवर्षी मी लिंबाचं लोणचं घालते. महिन्याभरानं त्याला खार सुटला की हे वाटी पुढे करतात. पहिली वाटी फाटकाला, मग घराला.

अप्पा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी हे बाटली घेऊन फाटकाशी उभे होते. आता कुणासाठी वाजायचं त्यानं? मी व्हरांड्यातून बघत होते. बराच वेळ उभे राहिले, मग बाटलीचं टोपण लावून त्यांनी ती खिशात ठेवली आणि ते गल्लीत चक्कर मारायला गेले.

मी आत येऊन कणीक तिंबायला घेतली. थोड्या वेळानं फाटक वाजलं, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं, जपून, हळूहळू.

"आलात?" मी मान वर न करता म्हणाले.